काही लोक म्हणतात

बीड जिल्ह्यात ‘मी गाइड आहे’ असं सांगितलं की समोरचा विचारतो, ‘कितवीचं?’ आमच्याकडे गाइड म्हणजे परीक्षेच्या तोंडावर विकत घ्यायचं पुस्तक. बाई गाइड असू शकते हे लोकांच्या गळी उतरायला वेळ लागतो. एका कचेरीतल्या कारकुनाने माझ्या अर्जावर व्यवसायाच्या रकान्यात ‘पुस्तकविक्री’ लिहिलं होतं. बावीस वर्षं ग्रंथालयात काढल्यामुळे मला ते फार परकं वाटलं नाही. मी दुरुस्ती केली नाही.

या अंकाच्या संपादकांनी ‘सलोख्यावर काहीतरी उमेद देणारं लिहा’ असं कळवलं आहे. उमेदीचं मला सांगता येणार नाही. काम कसं चालतं, आणि एकदा ते माझ्या हातून कसं बिघडलं, एवढं सांगते.

आम्ही पाहुणे नेतो ते गाव नेकनूरच्या पुढे आहे. नाव लिहीत नाही. लिहिलं तर गावातले दोन्हीकडचे लोक हा अंक विकत घेतील, पण वाचून झाल्यावर माझ्याकडे येतील. गावाचे दोन भाग आहेत. वरच्या आळीत हिंदू, खालच्या गल्लीत मुसलमान आणि मधोमध पायऱ्यांची एक जुनी दगडी विहीर. वरचे तिला बारव म्हणतात, खालचे बावडी. पाणी दोघांनाही सारखंच मचूळ लागतं. विहिरीच्या एका कोनाड्यात साती आसरा, म्हणजे पाण्याच्या सात देवता, शेंदूर लावून बसल्या आहेत. त्यांच्या बरोबर समोरच्या कट्ट्यावर हिरव्या चादरीखाली एका फकिराची बसायची जागा आहे. हे दोघे समोरासमोर किती वर्षं बसले आहेत याची नोंद कुठे सापडत नाही. मी शोधली आहे.

ग्रंथालयातून निवृत्त झाल्यावर मी पर्यटनाचं एक प्रशिक्षण घेतलं. तिथे मला रजिया भेटली. ती याच गावच्या खालच्या गल्लीतली. वडील नेकनूरच्या बाजारात फळं विकायचे. रजिया बारावीपर्यंत शिकलेली आणि बोलण्यात अशी की प्रशिक्षण देणारे साहेब तिसऱ्या दिवसापासून तिला बसायला सांगायला विसरायचे. प्रशिक्षणाचा विषय ‘शाश्वत पर्यटन’ होता. ते एका गारेगार सभागृहात झालं आणि दर तासाला प्रत्येकाच्या हातात पाण्याची प्लास्टिकची नवी बाटली दिली गेली. शेवटच्या दिवशी सगळ्यांनी मिळून एक झाड लावलं. खड्डा आधीपासून तयार होता. माळी म्हणाला, दर बॅचला तोच वापरतो.

आम्ही दोघींनी मिळून काम सुरू केलं. कुणाच्या नोकरीत नाही, कुणाच्या कंपनीत नाही. चौदापेक्षा जास्त पाहुणे एका वेळी घ्यायचे नाहीत, कारण रजियाच्या गल्लीत एकसारख्या थाळ्या चौदाच होत्या. गल्लीतल्या सहा घरांनी पाळीपाळीने नाश्ता करायचा. होळीनंतर फेऱ्या बंद, कारण गावाला टँकर सुरू होतो, आणि तहानलेल्या गावात पाहुण्यांना हात धुवायला पाणी देणं बरं दिसत नाही. आमचा शाश्वतपणा म्हणजे एवढाच.

कामाची वाटणी आपोआप झाली. दगडाचं मी सांगायचे, माणसांचं रजिया. कोनाडे, कमानी, पायऱ्यांची रचना माझ्याकडे. आसरांची आणि फकिराची गोष्ट तिच्याकडे. मग खालच्या गल्लीतून तिच्या घरी जायचं आणि नाश्ता करायचा. असे आमचे सहा हंगाम गेले.

गाइडचं काम बाहेरून बोलण्याचं वाटतं. खरं तर ते मोजण्याचं आहे. माणसं एका जागी राहत नाहीत. एक देवळात जाते, एक शाळेचं स्वच्छतागृह शोधते, एक शेळीच्या पिल्लाबरोबर फोटो काढत बसते. डोकी मोजता येत नाहीत. आमच्या विहिरीची एक सोय आहे. दोन्हीकडच्यांचा मान म्हणून चपला वर काढून मगच पायऱ्या उतरायच्या. मी चपला मोजते. सगळे वर आले, आपापल्या चपला घालून पांगले, की पायरीवर एकही जोड उरता कामा नये. उरला तर कुणीतरी अजून खाली आहे. विहिरीचं पाणी तीन पुरुष खोल आहे. त्यामुळे ही पद्धत मी गंभीरपणे पाळते.

पाहुण्यांचे नमुने बरेच पाहिले. एक निवृत्त इंजिनिअर टेप घेऊन आले होते. ‘तुम्ही एकोणचाळीस पायऱ्या म्हणालात. चाळीस आहेत.’ मी म्हणाले, चाळिसावी पावसावर अवलंबून आहे. गेल्या वर्षी ती पाण्याखाली होती. त्यांनी वहीत ‘अंदाजे’ असं लिहिलं आणि दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

आमचा हंगाम दिवाळीनंतरचा. नेमकं त्याच वेळी अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं असतं. शिरूर कासारकडे गावंच्या गावं रिकामी होतात, आमच्याकडे निम्मी. त्यामुळे पाहुण्यांना माणसांपेक्षा कुलपं जास्त दिसतात. पूर्वी ते विचारायचे, ‘ही घरं पडीक आहेत का?’ गडबडीनंतर विचारायला लागले, ‘हे लोक पळून गेले का?’ दोन्ही वेळा उत्तर एकच होतं. कारखान्यावर गेलेत, उन्हाळ्यात येतील.

गडबडीचं सांगायला हवं. दंगल शहरात होते, आमच्याकडे गडबड होते. एका मोबाइलवर एक मजकूर आला, तो चाळीस मोबाइलवर गेला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी खालच्या गल्लीच्या तोंडाशी एक पत्र्याचं दुकान आणि वरच्या आळीतला एक पिकअप जळाला. जीव कुणाचा गेला नाही. त्यानंतर पोलीस आले, शांतता समिती आली, समितीसाठी चहा आला. गाव शांत झालं. म्हणजे वरचे खाली जायचे बंद झाले आणि खालचे वर यायचे. मी बीडहून रजियाला फोन करत राहिले. गेले नाही.

पाहुणे अर्थात बंद झाले. नाही म्हणायला एक गृहस्थ मुंबईहून आले. अभ्यासक होते. मला म्हणाले, ‘जळालेलं दुकान दाखवाल का?’ मी म्हणाले, ते आमच्या मार्गावर नाही. ‘मार्गावर घ्या की. लोकांना तेच बघायचं असतं.’ त्यांचं म्हणणं व्यवसाय म्हणून चूक नव्हतं. मी त्यांना बीडहूनच मुंबईच्या बसमध्ये बसवून दिलं.

दहा महिन्यांनी पहिला गट आला. नाशिकच्या चौदा बायका, एका वाचक मंडळाच्या. मी आधी सरपंचांना भेटले. ते म्हणाले, ‘बारव दाखवा, देऊळ दाखवा. खालच्या गल्लीत नका नेऊ. काही झालं तर?’ काय होईल ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मी हो म्हणाले. नाश्ता देवळाच्या ओसरीवर करायचा ठरवला आणि पोहे बीडहून डब्यात नेले.

हे रजियाला सांगायचं राहून गेलं, असं मी बरेच दिवस म्हणत होते. राहून गेलं नव्हतं. फोन माझ्या हातात होता आणि मी तिला काय सांगायचं ते ठरवत होते, इतकंच. तिला न सांगता गट गावात नेण्याची ती पहिली वेळ.

विहिरीत मी दगडाचं सांगितलं. नंतर माणसांचं सांगायची वेळ आली. आसरांची गोष्ट मला पाठ होती. विहीर कोरडी पडली, सात बहिणी पाण्याला आल्या, धाकटी तळाशी बसली आणि म्हणाली, पाणी आल्याशिवाय उठणार नाही. मग बाकीच्या सहाही बसल्या. पाणी आलं, त्या तिथेच राहिल्या. ही गोष्ट मी बरी सांगितली. बायकांनी कोनाड्याला हात जोडले. मग मी कट्ट्याकडे बोट केलं आणि म्हणाले, ‘काही लोक असंही म्हणतात की इथे एक फकीर आला होता. त्याला एका बाईने पाणी दिलं, वगैरे.’ वरच्या आळीतली दोन-चार माणसं कठड्यावरून वाकून बघत होती. मी पुढे कमानीवर आले.

सगळ्याजणी वर आल्या, चपला घालून देवळाकडे, शाळेकडे पांगल्या. पायरीवर एक जोड उरला.

चौदा बायकांपैकी कोण? वर हाका मारायला वेळ नव्हता. मी अनवाणी पायऱ्या उतरले. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी जितक्या वेगाने उतरता येतं तितक्या. पाण्याच्या पायरीला लागून एक छोटी ओवरी आहे, तिच्या अंधाऱ्या कोपऱ्यात कुणीतरी बसलं होतं.

‘बसा ताई,’ रजिया म्हणाली. ‘पाणी लई खाली गेलंय औंदा.’

पाहुण्या बायकांच्या चपला मला ओळखू येण्याचं कारण नाही. रजियाच्या ओळखायला हव्या होत्या.

‘तू कधी आलीस?’

‘तुमी यायच्या आधी. यष्टीतून चौदा बाया उतरल्या म्हणून आमच्या गल्लीत कळलं. मला वाटलं तुमचा फोन लागंना झाला आसंल.’

मी तिच्या शेजारी बसले.

‘गल्ली वगळायची सरपंचानं सांगितलं आसंल. ते मला समजतं. त्यांना निवडणूक हाय. पण गोष्ट वगळायला तुमाला कुणी सांगितलं?’

‘वगळली नाही गं. सांगितली की.’

‘सांगितली न्हाई. उरकली.’ ती पाण्याकडे बघत होती. ‘काही लोक म्हणतात. मी काही लोक हाय का, ताई?’

मी तिला समजवायला गेले. म्हणाले, ज्याला लेखी पुरावा नाही त्याबद्दल असं म्हणायची पद्धत असते, अभ्यासातली.

‘मग आसरांना हाय का पुरावा? त्यांना न्हाई म्हणलात, काही लोक म्हणतात. त्या सरळ आल्या, बसल्या. आन फकिराला तेवढं काही लोक.’

बावीस वर्षं मी संदर्भ लावण्याचं काम केलं. इतकी साधी चूक मला कुणी दाखवली नव्हती.

‘फुडच्या टायमाला मी सांगणार,’ रजिया म्हणाली. ‘दोन्ही. आसरांचीबी मीच. आन मंग खालून न्यायचं, आमच्या घरावरून. न्हाई जमलं तर मला सांगा, मी चौसाळ्याला भावाच्या गॅरेजवर पावत्या लिहायला जाते. तो कवापासून बोलावतोय.’

म्हणजे प्रश्न सोपा होता. रजियाला विहिरीत, वरच्या आळीच्या डोळ्यांदेखत, दोन्ही गोष्टी सांगता आल्या तर आमचा मार्ग पुन्हा पुरा होणार आणि गल्लीतली सहा घरं पुन्हा चूल पेटवणार. नाहीतर मार्ग कायमचा अर्धा राहणार आणि रजिया गॅरेजवर. मी म्हणाले, ‘आसरांचं तू सांगितलेलं सोजरमावशीला चालेल का?’

‘तिलाच इचारू. काही लोकांना कशाला इचारायचं?’

सोजरमावशी म्हणजे आसरांना रोज पाणी घालणारी, गुरवाच्या घरची बाई. वय तिलाही माहीत नाही. आम्ही दोघी तिच्या दारात गेलो तेव्हा ती तांदूळ निवडत होती. सुपातून मान वर न करता म्हणाली, ‘काय गं रजे, रस्ता इसरलीस का?’

‘तुमी बोलावलंच न्हाई मावशी.’

‘मी कावून बोलवू? तू काय पाव्हणी हायेस?’

रजियाने काय हवं ते सांगितलं. मावशीने सूप खाली ठेवलं. ‘आधी मला सांगून दाव.’

मग त्या दारात परीक्षा झाली. रजिया सांगत होती, मावशी डोळे मिटून ऐकत होती. ‘मग धाकटी रुसून बसली’ या वाक्यावर मावशीने हात वर केला.

‘रुसली न्हवती. हट्टाला बसलती. रुसणं येगळं, हट्ट येगळा. रुसलेल्या माणसाला कुनीतरी समजवायला यावं लागतं. ती कुनाची वाट बघत न्हवती.’

रजियाने ते पुन्हा म्हणून दाखवलं. मावशी म्हणाली, ‘हां. आन कुनी इचारलं तर माझं नाव घे. सोजरनं सांगितलंय म्हण.’

तोंडी परंपरेत संदर्भ नसतो असं मी काही ठिकाणी लिहिलेलं आहे. ते लेख आता मागे घेता येणार नाहीत.

सरपंचांकडे रजिया स्वतः गेली, मला बरोबर न घेता. परत येऊन म्हणाली, ‘तुमच्या जबाबदारीवर, म्हणले.’ आमच्याकडे परवानगीला हेच नाव आहे.

याच दरम्यान गावात एक कार्यक्रम झाला. तो टाळून पुढे जाता आलं असतं तर बरं झालं असतं. जिल्ह्याच्या गावाहून पाहुणे येऊन ‘सलोखा पर्यटन मार्गा’चं उद्घाटन करणार होते. मंडप घातला, सतरंजी आली, शालींचा गठ्ठा आला. प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा आले आणि त्यांनी पहिल्याच वाक्यात वेळेचं महत्त्व सांगितलं. मला आणि रजियाला व्यासपीठावर बोलावून हातात हात द्यायला लावलं. फोटोवाल्याचं समाधान होईना म्हणून तीनदा. रजियाच्या प्रमाणपत्रावर ‘कु. राजीया’ असं होतं. तिची थोरली मुलगी सातवीत आहे. उद्घाटनाचा मार्ग देवळापाशी सुरू होऊन विहिरीपाशी संपत होता. त्याची लांबी साधारण मंडपाएवढी होती.

मग फलकावरचा पडदा ओढला. विहिरीच्या तोंडाशी लोखंडी चौकटीत, निळ्यावर पांढरी अक्षरं. रजियाने ती मोठ्याने वाचली. प्रमुख पाहुण्यांना ते कौतुकाचं वाटलं, त्यांनी टाळी वाजवली. ‘...येथे साती आसरांचे जागृत स्थान आहे. काही लोकांच्या मते येथे एका फकिराचेही वास्तव्य होते.’

मजकूर माझा होता. नाशिकचा गट येण्याच्या महिनाभर आधी जिल्ह्याच्या कचेरीतून फोन आला होता, चार ओळी पाठवा म्हणून. ग्रंथालयाच्या सवयीने मी पाठवल्या होत्या आणि विसरले होते.

रजिया माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, ‘तुमी तर पत्र्यावरबी लिवलं, ताई.’

दुरुस्तीसाठी मी अर्ज केला. उत्तर आलं की मंजूर मजकुरात बदल करता येत नाही. दुसरा अर्ज केला, त्याला उत्तर आलं नाही. फलक अजून आहे. रंग चांगल्या प्रतीचा वापरलेला दिसतो.

संक्रांतीनंतरच्या रविवारी दुसरा गट आला. अकरा जण, बहुतेक बायका, दोन नवरे. रजिया सकाळपासून विहिरीच्या पायरीवर उभी होती, नेहमीच्या करड्या पंजाबी ड्रेसवर ओळखपत्र लावून. दगडाचं मी सांगितलं आणि बाजूला झाले. कठड्यावर वरच्या आळीतली सात-आठ माणसं जमली होती. त्यांत दत्ता होता. देवळाशेजारी पिठाची गिरणी चालवणारा, तिशीतला, गडबडीत ज्याचा पिकअप जळाला तो.

रजियाने ‘ही साती आसरांची जागा’ एवढं म्हटलं आणि दत्ता वरून बोलला. तिच्याशी नाही, माझ्याशी.

‘ताई, आसरांचं हिनं कावून सांगायचं? आमची माणसं मेली का?’

पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. एका नवऱ्याने बायकोची पर्स स्वतःच्या हातात घेतली. मी घसा साफ केला. माझ्या मनात जे वाक्य तयार होत होतं ते शाळेच्या पुस्तकात पहिल्या पानावर शोभलं असतं. ते बाहेर पडण्याआधी सोजरमावशीचा आवाज आला. ती पाण्याची कळशी घेऊन पायऱ्यांच्या मधोमध उभी होती.

‘मग तू सांग की रं दत्त्या. ये खाली. सांग. समदे ऐकत्यात.’

‘मी कशाला... मावशी, मी तसं न्हाई म्हणलो.’

‘सांग की. तुझी देवी हाय ना?’

दत्ता उतरला नाही, पण सगळे त्याच्याकडेच बघत होते. ‘सात बहिणी होत्या,’ तो म्हणाला.

‘हां. फुडं?’

‘फुडं... पाणी आलं.’

कठड्यावरचा त्याचाच मित्र खिदळला. ‘बे, मदलं कुठं सांडलं?’ पाहुण्यांपैकी दोघीतिघी हसल्या. दत्ताचा चेहरा लाल झाला. मला त्याच्या प्रश्नापेक्षा त्या हसण्याची जास्त भीती वाटली. परगावच्या लोकांसमोर हसं झालेला माणूस संध्याकाळपर्यंत काय करेल ते सांगता येत नाही, आणि ज्याचं वाहन जळालं आहे त्याचं तर नाहीच. रजिया ज्या जागी उभी होती तिथून तिला गप्प बसणं सहज शक्य होतं. तिला त्याच्यावर हसण्याचा हक्कही होता.

ती म्हणाली, ‘दत्ताभाऊंचं बराबर हाय. सात बहिणी होत्या आन पाणी आलं. मदलं तेवढं मी सांगते. चुकलं तर भाऊ वर हायेतच.’

हसणं थांबलं. दत्ता गेला नाही. कठड्यावर दोन्ही हात टेकून उभा राहिला.

रजियाने गोष्ट सांगितली. धाकटी हट्टाला बसली हे सांगताना ती स्वतः पायरीवर बसली, आणि पुढे काय होतं ते माहीत असूनही मी पाण्याकडे बघायला लागले. ‘हे मला ह्या सोजरमावशीनं सांगितलंय,’ ती म्हणाली आणि बोट केलं. मावशीने पदर सारखा केला. मग रजिया उठून चार पावलं चालत समोरच्या कट्ट्याशी गेली. दुष्काळात आलेला फकीर. त्याला शेवटचं तांब्याभर पाणी देणारी बाई. त्याची काठी पडली तिथे खणायला सांगितलं आणि पाणी लागल्यावर आधी त्या बाईच्या म्हशींना पाजलं, मग स्वतः नमाजाला हातपाय धुतले. ‘हे मला माझ्या दादीनं सांगितलंय. ती आता न्हाई. तिचं नाव हलीमाबी.’

एका बाईने तो प्रश्न विचारला जो प्रत्येक गटात एक जण विचारतो. ‘मग यातली खरी कुठली?’

मी आजवर या प्रश्नाला तीन मिनिटांचं उत्तर देत आले आहे.

‘मला काय माहीत?’ रजिया म्हणाली. ‘मी काय तवा आलते का पाण्याला?’

कठड्यावर कुणीतरी हसलं. मला वाटतं दत्ताच होता, पण खात्रीने सांगत नाही. मी वर बघेपर्यंत तो वळला होता, आणि थोड्या वेळाने गिरणीचा पट्टा सुरू झाल्याचा आवाज आला.

सगळे वर आले. रजिया गटाच्या पुढे उभी राहिली. ‘खाली माझं घर हाय. नाश्ता तयार हाय. यायचं त्यांनी या. न्हाई यायचं त्यांनी देवळाच्या ओसरीवर बसा, पोहे नेहमीचेच हायेत.’ पोहे मीच आणले होते. सावधपणा एका फटक्यात सुटत नाही.

कुणी ओसरीकडे गेलं नाही. पर्सवाले गृहस्थ थोडे घुटमळले, पण बायको चालू लागल्यावर तेही निघाले. सोजरमावशी कळशी कमरेला लावून आमच्याबरोबर आली, जळालेल्या दुकानाच्या जागेपर्यंत. तिथे आता नवा पत्रा होता, दुकान बंद होतं. तिथे ती थांबली.

‘मी हितूनच फिरते. पोरं बोलत्याल.’

‘नका येऊ मावशी,’ रजिया म्हणाली. ‘डबा धाडते. खाशीला का?’

‘कशाचा हाय?’

‘गुळाच्या पोळ्या. रात्रीच केल्यात.’

मावशीने विचार केला. ‘तूप कमी घाल,’ म्हणाली आणि वळली.

गल्लीत दोन्ही बाजूंच्या दारांत बायका उभ्या होत्या. काही ओळखीच्या होत्या. सहा हंगाम त्यांच्या हातचं मी खाल्लं होतं. त्यांनी पाहुण्यांना हसून सलाम केला, मला जरा उशिरा. त्यांच्याकडे बघायचं चुकवण्यासाठी मी घरांच्या चौकटी बघत चालले होते. माझ्या शेजारून चालणारी एक तरुण पाहुणी ते बघत असावी. तिने आपुलकीने विचारलं, ‘काकू, तुम्हीपण इथे पहिल्यांदाच येताय का?’

मी हो म्हणाले.